मेथीच्या वाफ्याखालच्या तारा

पौषातल्या संध्याकाळी, परसाच्या भिंतीवरचं शेवटचं ऊन उतरून गेल्यावर, कानाला हेडफोन लावून बसलं की आधी खरखर ऐकू येते. वाळलेल्या तुरीच्या शेंगा कुणी ओंजळीत घेऊन सावकाश हलवाव्यात, तशी. ती कंटाळवाणी वाटत नाही. तिच्यात कान बुडवून बसावं, आणि केव्हातरी तिच्या तळाशी एक बारीक, सुरेल ठिपका उमटावा, मग एक रेघ, पुन्हा ठिपका! दीड हजार किलोमीटरवर बसलेल्या माणसाच्या बोटांची ती हालचाल असते. परगावच्या माणसाच्या बोटांचा असा थेट स्पर्श दुसऱ्या कशानं होत असेल?

मी वाशीम जिल्ह्यातल्या शेलूबाजारला राहतो, कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि परवाना घेऊन हौशी रेडिओ चालवतो. आम्हा हौशी माणसांत एकशे साठ मीटरची लहर सर्वांत हट्टी मानली जाते. एक लहर एकशे साठ मीटर लांब, आणि माझं परस तीस फूट रुंद! नदीला घागरीत भरण्याचाच हा उद्योग. म्हणून अँटेनाचा खांब आखूड ठेवावा लागतो, त्यात तारेचं वेटोळं घालून त्याची लांबी भासवावी लागते, माथ्यावर छत्रीच्या काड्यांसारख्या तारा पसराव्या लागतात.

हे वेड मला वानखडे सरांनी लावलं. सर मूळचे इथल्याच रिठद गावचे. बिनतारी खात्यातल्या नोकरीनं शिलाँगला गेले आणि तिथलेच झाले. सुट्टीत गावी आले की मला समोर बसवून मोर्सची, म्हणजे ठिपक्या-रेघांची, अक्षरं बोटांनी माझ्या तळहातावर वाजवीत. वाशीम जिल्ह्यातून, आपल्याच हातानं घडवलेल्या माणसाकडून, एकशे साठ मीटरवर एकदा तरी हाक यावी, ही त्यांची इच्छा. मागितलेलं तेवढंच.

आणि तेवढ्यासाठी मी त्यांना फसवलं.

आमच्यात एक नियम आहे. समोरच्याचा आवाज किती स्पष्ट आला, त्याचा आकडा हवेतूनच सांगायचा आणि तो मिळाल्याची पोचही हवेतूनच द्यायची. मगच भेट झाली असं धरायचं, आणि त्या भेटीचं कार्ड टपालानं धाडायचं. तीन हिवाळ्यांपूर्वी आम्ही प्रयत्न केला. सरांच्या नावाची दोन अक्षरं मला लागली, मग खरखरीनं सगळं गिळलं. आकडा आलाच नाही. दहा मिनिटांनी सरांचा फोन आला. आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"विलास, अर्धामुर्धा लागला बाप्पा तू मले! माहा आकडा भेटला ना तुले?"

नाही म्हणायला किती वेळ लागतो? एक श्वास. तो श्वास मी घेतला, आणि म्हणालो, "भेटला, सर."

आठ दिवसांत सरांचं कार्ड आलं. सुंदर, तिरपं हस्ताक्षर. मीही सुबक अक्षरात लिहून, खाली सही करून, माझं कार्ड पाठवलं. सरांनी ते चौकटीत घालून भिंतीवर लावलं आणि त्याचा फोटो मला धाडला. त्या फोटोतली माझी सही मी आजवर मोठी करून पाहिलेली नाही. वर्गात नोंदवही तपासताना एखाद्या पोरानं निरीक्षण न घेताच आकडा लिहिलेला दिसला, की मी पूर्वी रागवायचो. तीन वर्षांत एकदाही रागावू शकलो नाही.

या मार्गशीर्षात सरांनी कळवलं, की महिनाअखेरीस ते मुलाकडे पुण्याला जाणार, अकराव्या मजल्यावर. तिथं गच्चीवर दोरी बांधायलाही परवानगी नाही. म्हणजे उरले होते तीन आठवडे. त्यानंतर ते खोटं खरं करण्याची वाट कायमची बंद.

मी खांब आणखी सहा फुटांनी उंच केला. काही फरक नाही. माथ्यावरच्या तारा वाढवल्या. नाही! अखेर तारेचं वेटोळं नव्यानं गुंडाळून घ्यायला बाजारातल्या रशीदभाईंना बोलावलं. जळालेल्या मोटरी भरून देण्यात त्यांचा हात धरणारं आमच्याकडे कुणी नाही. त्यांनी खांबाकडे पाहिलंच नाही. बुडाशी उकिडवे बसले आणि एकुलत्या एका तांब्याच्या सळईला बोट लावून हसू लागले.

"मास्तर, आभायात एवढा मांडव घातला, अन् जमिनीत हे एक दातकोरणं? अर्थिंग नसन तं माही पाच पावरची मोटर चालत नाई. तुमचं हे नाजूक लेकरू काहून चालन?"

मला लाज वाटली. कारण हे मी जाणत होतो! आखूड अँटेनाचं अर्धं अंग जमिनीत असतं, तिथं तारांचं जाळं नसेल तर माती सगळं बळ पिऊन टाकते, हे मी फळ्यावर आकृती काढून सांगितलेलं आहे. मग केलं का नाही? खांब रस्त्यावरून दिसतो. जीपवाले मान वर करून विचारतात, मास्तर, हे काय? मातीखालची तार कोण पाहणार! जे दिसतं तेवढंच सजवायची ही खोड माझ्या खांबापुरती होती का, हे तुम्हाला सांगायला नकोच.

रशीदभाईंनी जळक्या मोटरींतली जुनी तार गोणीभर दिली. सुनंदा, माझी पत्नी, कंबरेवर हात ठेवून वाफ्यांच्या मधोमध उभी राहिली. एका बाजूला मेथी, दुसऱ्या बाजूला सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर.

"तारा टाका. पण माह्या सांबाराले धक्का लागला तं तुमचा खांब मी उपटीन."

मग तीच खुरपी घेऊन खाली बसली. ती काळ्या मातीत बोटभर खोल चीर पाडायची, मी तार आत बसवून वरून माती दाबायचो. खांबापासून निघून सूर्याच्या किरणांसारख्या चोहीकडे बत्तीस तारा! आठवडाभर, रोज कॉलेजातून आल्यावर, आम्ही गुडघ्यांवर होतो. विसाव्या तारेपाशी माझ्याच्यानं राहवलं नाही. कार्डाचं सगळं तिला सांगून टाकलं. तिनं खुरपी थांबवली नाही.

"मंग त्याहीले सांगा ना. इथं मातीले कायले सांगून राह्यले?"

केवढं साधं वाक्य! मी मनाशी ठरवलं होतं, की खरी भेट झाली म्हणजे खोटी आपोआप बुजेल, कुणाला काही कळणार नाही. म्हणजे इतक्या घामानं मी जाळं विणत होतो, की झाकण? त्याच संध्याकाळी मातीच्या हातांनी फोन लावला.

"सर, तेव्हा तुमचा आकडा मला आला नव्हता. ते कार्ड खोटं आहे."

सर म्हणाले, "तीन वर्सं मी लोकाईले दाखवलं ना रे ते." आवाजात राग नव्हता. राग परवडला असता. मग खुर्ची सरकल्याचा, काहीतरी खरवडल्याचा आवाज. "काढलं भिंतीवरून. सोमवारी साडेसहाले बस. अन् आयक, नाई लागलं तं नाई म्हणजो." नेहमीचं 'जय भीम' न म्हणता त्यांनी फोन ठेवला.

सोमवारी घरातला इन्व्हर्टर, दिवे, खरखरीत भर घालणारं सगळं बंद केलं. मळकट उजेडात पहिल्यांदा मोर्सची कळ दाबली, आणि खांबात किती वीज शिरते ते दाखवणाऱ्या, बुडाशी लावलेल्या मापकाचा काटा, जो इतकी वर्षं पाव भागाच्या पुढं सरकला नव्हता, तो अर्ध्याच्याही पलीकडे जाऊन थरथरत उभा राहिला! माती आता पीत नव्हती, देत होती. मी सरांना हाक घातली. थांबलो. खरखर. पुन्हा हाक. खरखर जराशी विरळ झाली, आणि तिच्यातून, धुक्यातून बैलगाडीचा कंदील पुढे पुढे यावा तसे, ते ठिपके आले. माझं सबंध नाव. मग आकडा. चार, चार, नऊ.

आमच्यात लोक उदारपणे पाच-नऊ-नऊ, म्हणजे पैकीच्या पैकी, देतात, न ऐकताही देतात. सरांनी काट्यावर तोलून दिला होता. क्षीण, पण लागतोय, असा त्याचा अर्थ. कुठल्याही परीक्षेतल्या पहिल्या क्रमांकानं मला इतकं उंच केलं नसतं! मी त्यांना त्यांचा आकडा दिला, पाच-पाच-नऊ, एकही अंक न वाढवता. त्यांनी पोच दिली. मी पोच दिली. मग शिलाँगहून एकच अक्षर आलं, पुन्हा पुन्हा, तालात, तळहातावर बोट वाजवावं तसं. ते माझ्या नावाचं पहिलं अक्षर होतं.

मी हेडफोन काढून परसात धावलो. "लागले! सर लागले!" सुनंदा ओरडली, "अवो, मेथीतून नका पयू!" आणि स्वतःच मेथीतून धावत आली.

नंतर बराच वेळ आम्ही खांबाशेजारी उभे होतो. थंडी उतरत होती, महामार्गावर जीपगाड्यांचे भोंगे चालू होते. खिशात फोन होता. सरांच्याही हाताशी असणारच. पण ऐकलं का, भेटलं का, असं विचारायला त्या संध्याकाळी त्यांनी मला फोन केला नाही, आणि मीही त्यांना केला नाही.