बुधवार बाबांचा

बायकोला आरोग्य सेविकेची नोकरी लागली तेव्हा आम्ही गल्लीत पेढे वाटले. नेमणूक उमरखेडच्याही पलीकडच्या गावात आहे हे नंतर कळलं. आम्ही दारव्ह्याला राहतो. इथून दिग्रस, पुसद करत तिथं पोचायचं म्हणजे अर्धा दिवस एसटीत जातो. रोजचं येणंजाणं जमण्यासारखं नव्हतं. तिनं तिथं खोली करून राहायचं, शनिवारी संध्याकाळी यायचं आणि सोमवारी पहिल्या गाडीनं निघायचं, असं ठरलं. घरी उरलो तिघं: मी, माझे वडील आणि आमची आठवीतली मुलगी.

माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आले की विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी दुकानासमोर रांगेनं येऊन पडतात आणि प्रत्येकाला आपली आजच पाहिजे असते. घरी यायची वेळ माझ्या हातात राहत नाही. बाबांनी गुडघे जाईपर्यंत स्वतः शेती केली, आता शेत बटईनं दिलं आहे. आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्या काळात काय किंवा नंतर काय, बाबा स्वयंपाकघरात कधी शिरले नाहीत. प्यायचं पाणीसुद्धा त्यांना बाहेर आणून द्यावं लागे.

सुरुवातीला सगळा भार बायकोनंच उचलला. रविवारी उठल्यापासून ती ओट्याशी उभी. दोन-तीन भाज्या, वरण, मळलेली कणीक, वाटलेला मसाला, सगळं डब्यांत भरून फ्रिजमध्ये. आठवडा अर्ध्यावर आला की ते डबे उघडायलाच नको वाटे. दुपारची लाइन गेली की कणीक काळी पडायची, वरण आंबायचं. पण खरी अडचण वेगळी होती. एका रविवारी मुलगी तिला शाळेतलं काहीतरी सांगायला दोनदा ओट्याशी येऊन गेली. दोन्ही वेळा ती म्हणाली, "थांब बाई, एवढं होऊ दे." तिसऱ्यांदा मुलगी आलीच नाही. सोमवारी बसस्टँडवर बायको मला म्हणाली, "आठवडाभर घरी यायची वाट पाहते मी. अन घरी आली की कुकरजवळच उभी राहते."

मग मी मेसचा डबा लावला. त्या तिखट-तेलानं बाबांची छाती जळायला लागली. ते नुसता दूध-भात खायला लागले. डबा बंद केला.

त्यानंतर मुलीनं शाळेसारखं टाइमटेबल बनवलं. सोमवारी मेथी, मंगळवारी मुगाची डाळ, गुरुवारी बेसनाच्या वड्यांची पातोडी, असं रंगीत पेनांनी लिहून फ्रिजवर चिकटवलं. दिसायला फार छान होतं. पण मेथीच्या वारी बाजारात मेथी नसायची, आणि पातोडी घरात कोणालाच येत नव्हती. अशाच एका संध्याकाळी मी दुकानातून उशिरा आलो. मुलगी पोळ्या करायला बसली होती. तव्याचा चटका लागून तिचं बोट लाल झालं होतं आणि बाबा वाटीत थंड पाणी घेऊन तिच्याजवळ उभे होते. स्वयंपाकघरात उभे असलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो.

टाइमटेबलाकडं पाहून ते म्हणाले, "कोन्त्या वारी काय खाचं, हे लिवलं बाप्पा. कोन करन, हे कोनीच नाई लिवलं."

मुलगी पटकन बोलली, "मंग तुम्ही करान काय, आबाजी?"

मला वाटलं, आता रागावतात. पण ते पाण्यातलं तिचं बोट पाहत राहिले आणि म्हणाले, "एक वार मले दे."

आम्ही दोघंही हसलो.

"हासता काहून? हनुमानाच्या भंडाऱ्याले वांग्याची भाजी कोन करते मंग?"

हे खरंच होतं. गावाकडच्या भंडाऱ्यात कढईवर बाबाच बसतात. अख्खं गाव जेवेल एवढी भाजी ते करतात आणि कधी चुकत नाही. पण भंडाऱ्याची कढई आणि घरची कढई यांचा काही संबंध असेल, हे आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, बाबांच्यासुद्धा.

त्या संध्याकाळी जुना कागद काढून टाकला आणि वार माणसांना वाटले. बुधवार बाबांचा. मंगळवार मुलीचा. बाकीचे माझे, कारण मी दुकानात जायच्या आधी सकाळीच भाजी करून ठेवू शकत होतो. ज्याचा वार त्यानं ठरवायचं, त्यानंच आणायचं, त्यानंच करायचं. बाकीच्यांनी सांगितली तर मदत करायची आणि समोर येईल ते न कुरकुरता जेवायचं. रविवारी बायकोनं गॅसला हात लावायचा नाही.

पहिल्या बुधवारी मी दुपारीच दुकान सोडून घरी आलो, तर मागच्या अंगणातून धूर निघत होता. शेजारच्या काकू भिंतीवरून विचारत होत्या, "काय कार्यक्रम हाय का भाऊ?" बाबांना गॅस पेटवता येत नव्हता. मुलगी शाळेत. मग त्यांनी तीन विटा मांडल्या, शेतातून आणलेल्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या लावल्या, माळ्यावरचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, उतरवला आणि आता ते खुर्चीवर बसून भाजी ढवळत होते. पिशवीभर वांगी त्यांनी एकदम टाकली होती. त्यांच्या हाताला तेवढंच माप माहीत होतं.

भाजी झकास झाली होती. फक्त आम्ही तीन माणसं होतो. मुलगी शाळेतून आली आणि तिनं गल्लीत घरोघरी वाट्या नेऊन दिल्या. दुसऱ्या दिवशी त्या वाट्या परत आल्या, पण रिकाम्या नाही. एकीत कढी होती, एका ताटलीत गरम भाकरी, काकूंनी तर मिरचीचा ठेचा पाठवला. गुरुवार माझा होता, पण मला काही करावंच लागलं नाही.

पुढं मुलीनं बाबांना गॅस लावायला शिकवलं आणि स्वतः त्यांच्याकडून फोडणी शिकली. मी दारात उभा राहून ऐकायचो. ती विचारायची, "तीन मानसाले तिखट किती, आबाजी?" ते डोळे मिटून भंडाऱ्याचं माप सांगायचे, मग ती भागाकार करायची. कधी भागाकार चुकायचा आणि आम्ही नाकाडोळ्यांतून पाणी काढत जेवायचो. पण बोलायचं नाही हा नियमच होता.

हिवाळ्याच्या सुरुवातीला एकदा बायकोचं यवतमाळला प्रशिक्षण होतं. ते लवकर संपलं म्हणून ती न सांगता घरी आली. वार नेमका बुधवार. मीही त्या संध्याकाळी लवकर जेवायला आलो होतो. दारात बॅग हातात घेऊन ती थबकलीच. ओट्याशी बाबा, खांद्यावर दुपट्टा, परातीत पातोड्या कापत होते. रश्श्याचा वास घरभर होता. पातोडी ते शेजारच्या काकूंकडून शिकून आले होते. सुनेला पाहून ते जरा अवघडले, सुरी खाली ठेवली. तीही घाईनं पुढं झाली. "द्या बाबा, मी करते."

"नाई बाई, आज बुधवार हाय. तू हात-पाय धू अन बस."

ती बसली. बाबांनी पहिलं ताट तिला वाढलं. सासऱ्यानं सुनेला वाढून द्यायचं आमच्या घरात कधी झालं नव्हतं. दोघांनाही कुठं पाहावं ते समजत नव्हतं. तिनं घास घेतला, मान हलवली आणि बाबा थांबूनच आहेत हे पाहून हळूच म्हणाली, "मीठ जरासं कमी हाय, बाबा."

"आई, बोलाचं नाई! नियम हाय," मुलगी ओरडली.

"बोलू दे तिले," बाबा म्हणाले. "शिकून राह्यलो ना मी." आणि मिठाची बरणी घेऊन आले.

आता रविवारी बायको उशिरा उठते. दुपारी मायलेकी बाहेर पडतात, कधी बाजारात, कधी नुसत्याच. मुलीजवळ सांगायला आठवड्याचं साठलेलं असतं. संध्याकाळी सगळे मिळून भाजी निवडताना येणाऱ्या आठवड्याचं बोलणं होतं. ते चहा संपेपर्यंत आटोपतं. एखाद्याला ताप असला, दुकानात गर्दी असली की वार बदलतात. कधी सगळंच बिनसतं आणि आम्ही पोहे खातो. त्याचं कोणाला काही वाटत नाही.

बायकोनं जवळच्या बदलीसाठी अर्ज केला आहे. उन्हाळ्यात होईल असं ती म्हणते. परवा मेथी निवडता निवडता बाबांनी विचारलं, "तू आली परत, तं माहा वार राहीन ना?"

"राहीन ना बाबा," ती हसून म्हणाली. "मले कायले पाह्यजे तुमचा वार?"

बाबांनी लगेच मला फोन लावायला सांगितला, आमचं शेत बटईनं करणाऱ्याला. तुरीच्या शेंगा भरत आल्या होत्या. पुढच्या बुधवारी ओल्या तुरीच्या दाण्यांचे सोले-वांगे करायचे होते, आणि कोवळ्या शेंगा धुऱ्याकडच्या, बांधालगतच्या ओळीतल्याच तोडायच्या, हे त्याला ते बराच वेळ समजावून सांगत बसले.