तिसऱ्या काचेवरच्या लाटा

आधीच सांगतो – भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. एकाच काचेवर दोनदा फोटो घेऊन ‘आत्मा’ कसा उठवतात, ते मला पक्कं ठाऊक आहे. जन्मभर फोटोच काढत आलोय. तरी हे लिहितोय... हसायचं तर हसा.

पहिली मोठी लढाई सुरू होण्याआधीची गोष्ट. जळगावात माझा स्टुडिओ होता. भुसावळचा एक गोरा इंजिनियर विलायतेला परतताना त्याची टेलिफोटो लेन्स मला देऊन गेला. हे लांबलचक नळकांडं! फोकसची चावी पुढे, चित्र दिसणार मागच्या दुधी काचेवर. एकट्या माणसाचा हात तिथवर पुरायचा नाही. म्हणून चावी मी फिरवायचो आणि बायको, यमुना, मागे काळ्या कापडात डोकं घालून “बस!” म्हणायची. नजर तिची माझ्याहून तेज. त्या काचेवर सगळं उलटं दिसतं, माणसं डोक्यावर उभी. पहिल्यांदा बघून ती पोट धरधरून हसली होती.

ती धुळ्याकडची, समुद्र कधी पाहिलेला नाही. लाटांचा फोटो दोघांनी मिळून काढायचा, असं ठरलेलं. मी आपलं “पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी” करत राहिलो. मग तिला क्षय लागला. शेवटी तीच म्हणाली, “तुम्ही जा, फोटो तरी आणा.” तिला माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या हवाली करून मी सुरतेच्या गाडीत बसलो.

किनाऱ्यावर एकट्याची नुसती तारांबळ. पुढे जाऊन चावी फिरव, मागे धावत येऊन बघ... तोवर लाट फुटलेली! दोन काचा वाया गेल्या. मध्येच एक होडी आडवी आली, शिडाला तांबडं ठिगळ लावलेली. नको ती ब्याद म्हणून ती जाईपर्यंत थांबलो. मग पुन्हा चावी फिरवायला लागलो, आणि फिरवता फिरवता हात आपोआप थांबला. क्षणभर तसाच लाटांकडे बघत उभा राहिलो. मागे येऊन फोकस तपासलासुद्धा नाही. काच सरकवली, फोटो घेतला.

घरी आलो तेव्हा काचा अजून धुवायच्याच होत्या, त्यांवर काय उमटलंय ते मलाही ठाऊक नव्हतं. यमुना उशीला टेकून बसलेली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, “देखा मी समिंदर. बठ्ठं पानी वर, आभाय खाले!”

“स्वप्न पडलं असेल गं.”

“आनि ती व्हडी? शीडले लाल थिगय व्हतं. का जावू दिधी?” मग जरा रागावूनच, “तिसरी वखतले मी ‘बस’ म्हनं, तवय तुम्हीन थांबनात.” म्हणजे तिसऱ्यांदा तिने ‘बस’ म्हटलं, तेव्हा कुठे मी थांबलो!

होडीचं मी कुणाजवळ बोललोच नव्हतो. अक्का शपथेवर सांगते, यमुना अंथरुणातून हललीसुद्धा नव्हती.

संध्याकाळी काचा धुतल्या. दोन धूसर. तिसरीत पाण्याचा थेंब न् थेंब लख्ख! सकाळी प्रिंट घेऊन तिच्याकडे गेलो... तोवर ती गेली होती.

उलगडा मला आजही झालेला नाही. झाला नाही तरी चालेल. मनाला खातं ते वेगळंच – माझा हात थांबला तेव्हा ती खरंच माझ्या मागे, चार पावलांवर असेल तर... आणि मी गाढव लाटा बघत राहिलो. एकदा मागे वळून बघायला काय झालं होतं मला!