दोन समुद्रांचं पाणी

गुडघ्याच्या ऑपरेशननंतरची ही माझी पहिली चढण. निम्म्यातून परतले, तर डोंगर चढायचे बूट भाचीला देऊन टाकायचे, असं ठरवूनच निघाले होते. पायथ्याशी माझ्या हातातली यादी बघून नणंद म्हणालीही, "वहिनी, सामानाची यादी झकास, पण त्यात गुडघा लिहिलाय ना?"

घाटमाथ्यावर बाटली उघडताना ती कलली आणि थोडं पाणी कातळावर सांडलं. त्याचे दोन ओघळ झाले. एक कोकणात उतरून जवळचा समुद्र गाठणार, दुसरा देशावरून पार पूर्वेच्या समुद्राला जाणार. सह्याद्रीच्या धारेवर बोटभर अंतरानेही पाण्याचं नशीब बदलतं. आणि ते पाणी इथवर माझ्या गुडघ्याने आणलं होतं!

नणंद धापा टाकत पोचली. "पाणी उरलंय का हो?"

"दोन्ही समुद्रांना देऊन उरलंय," म्हणत मी बाटली पुढे केली.