मागच्या दाराची पाटी

भाभींचा फोन आला तेव्हा मी दारात गॅसवाल्याशी भांडत होते. "सुमन, भाई गेले गो," एवढंच त्या म्हणाल्या. भांडण कशावरून होतं तेच मी विसरले... तो बिचारा सिलिंडर आत ठेवून गुपचूप निघून गेला. इस्माईलभाईंनी ऐंशी पार केली होती. दुखणं-खुपणं फारसं नाही, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. असं मरण यायला नशीब लागतं, हे मला कळतं. तरी चांगला तासभर रडले.

आमची ओळख मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, आंब्याच्या कारखान्यात झाली. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. आमच्याकडचा आंब्याचा रस डब्यांत भरून आखातात जायचा. मी राजापूरकडची, रत्नागिरीत आत्याकडे राहून कॉम्प्युटरवर नोंदी करायची नोकरी धरलेली. बाबांनी वर्षाची मुदत दिली होती, टिकलीस तर ठीक, नाहीतर गावी ये, स्थळं तयारच आहेत. माझं डोकं हे असं तापट, त्यामुळे मी टिकेन असं घरात कुणालाच वाटत नव्हतं. भाई तेव्हा पंचेचाळिशीचे. वीस वर्षं बोटीवर रेडिओ ऑफिसर म्हणून काढून घरी परतलेले, आणि कारखान्यातली विजेची सगळी यंत्रं, त्यात तो नवाकोरा कॉम्प्युटर, त्यांच्या ताब्यात.

त्यांच्या घरी मागच्या दाराशी वेताची एक पाटी असे. टाकायची वस्तू त्या दिवशी टाकायची नाही, एक रात्र पाटीत ठेवायची, हा त्यांच्या अम्मीचा नियम. कधीकाळी केराबरोबर तिची सोन्याची बाळी गेली होती, तेव्हापासूनचा. "आज राहू दे," असं म्हणत घरातलं प्रत्येक माणूस त्या पाटीत काहीबाही टाकायचं, आणि त्यातलं निम्मं दुसऱ्या दिवशी परत घरात यायचं. "बोटीवर पण मी हेच केलं," भाई सांगायचे. "कप्तान तापला की मालकाला वाट्टेल ते लिहायचा आणि म्हणायचा, पाठव. मी म्हणायचो, साहेब, हवा खराब हाय, संदेश जात नाय. सकाळी तोच हळूच विचारायचा, गेला नाय ना रे?"

कारखान्याचा प्रोग्रॅम मुंबईहून आलेला. 'पुसा' म्हटलं की मेला पुसूनच टाकायचा, खरंच पुसू का म्हणून विचारायची रीत नाही. भाईंना ते बघवेना. मूळ प्रोग्रॅम कसा लिहिलाय ते कंपनी दाखवेना, पण त्याचे तयार तुकडे आमच्याच मशीनवर जोडले जात, ते भाईंनी हेरलं. चहाच्या वेळी त्यांनी मला समजावलं. प्रोग्रॅम स्वतः डिस्कला हात लावत नाही. फाइल उघड, लिही, पूस, असं दर वेळी मशीन चालवणाऱ्या सिस्टीमला हाक मारून सांगतो. त्या हाकेला सिस्टीम कॉल म्हणतात. भाईंनी 'पूस' याच नावाचा आपला एक तुकडा लिहिला आणि प्रोग्रॅमच्या आतच जोडून दिला. आता प्रोग्रॅम पूस म्हणाला की ती हाक आधी भाईंच्या तुकड्याकडे जाणार, आणि तो फाइल पुसायच्या ऐवजी 'उद्या' नावाच्या कप्प्यात हलवणार. सिस्टीमला पत्ता नाही, प्रोग्रॅमलाही नाही. "दोघांच्या मध्ये आमची अम्मी बसवली गो दाराशी," म्हणाले.

पहिल्याच दिवशी अम्मीने घोळ घातला. फाइल हलवायची तर जुन्या जागेवरून पुसावी लागते. त्यासाठी भाईंचा तुकडा 'पूस' म्हणाला, आणि ती हाक फिरून त्याच्याकडेच आली. तो पुन्हा म्हणाला, पूस... असं स्वतःलाच हाका मारता मारता मशीन ठप्प. मी हसून हसून लोळायचीच बाकी होते. मॅनेजरसाहेब मात्र खाली आले आणि म्हणाले, "इस्माईलभाई, मशीनच्या आत परत हात घातलात तर उद्यापासून येऊ नका." भाई मान खाली घालून "जी साहेब" म्हणाले. मला वाटलं, विषय संपला.

मे महिना, हंगाम भरात. कोणत्या बागेचा आंबा, किती वेळ तापवला, कोणत्या नंबरचे डबे, या महिनाभराच्या नोंदी एका फाइलमध्ये. नोंद नाही तर डबा बोटीवर चढत नाही. त्या दिवशी फळ उतरवणाऱ्या गड्यांशी माझी जुंपलेली. तोंड तिकडे, बोट इकडे, आणि चुकलेला एक दिवस पुसायच्या ऐवजी मी अख्खा महिना पुसला. पडदा कोरा! साहेबांनी हाकलायच्या आधी आपणच जावं, एवढंच सुचलं. राजीनामा खरडला, पाकीट चिकटवलं, भाईंच्या हातात कोंबलं. "साहेबांना द्या." "अगो बाय, ऐकशील तरी..." ते म्हणत होते. मी कुठली ऐकतेय! रडत फाटकाबाहेर आले आणि रिक्षा धरली.

दुसऱ्या दिवशी माझा डबा नि छत्री न्यायला गेले, तर पडद्यावर महिना जसाच्या तसा, 'उद्या' कप्प्यातून परत आणलेला. सिस्टीमला थेट गाठायची वेगळी वाट शोधून भाईंनी तो तुकडा दुरुस्त केला होता आणि आठवड्यापूर्वीच परत जोडला होता. साहेबांच्या नकळत, स्वतःची नोकरी पणाला लावून. "आणि माझं पत्र?" मी विचारलं. "साहेब तुला काय बोलले?" भाईंनी उलट मलाच विचारलं. "नाही." "मग बस कामाला."

मी समजले, साहेबांनी मोठ्या मनाने पत्र बाजूला ठेवलं. केवढं ते मन! साहेब निवृत्त होईपर्यंत दर दिवाळीला मी त्यांना डबाभर करंज्या पाठवल्या. ते जरा गोंधळूनच घ्यायचे, आणि भाई लांबून बघत दाढीत हसायचे. बाबांनी मुदतीचा विषय पुन्हा काढला नाही. त्या कारखान्यात मी पुढे एकोणतीस वर्षं काढली, लग्नही माझ्या पसंतीने केलं. सुखात गेली वर्षं.

परवा भाईंच्या चाळिसाव्याला गेले. मागच्या दाराशी पाटी तशीच. भाभी म्हणाल्या, "तुझं कायतरी हाय त्यात." तळाशी एक पाकीट होतं. पिवळं पडलेलं, पण चिकटवलेलं तसंच. वर माझं तिरकं अक्षर, 'मॅनेजरसाहेबांस'. "दर ईदेला मी पाटी झाडून काढायची," भाभी सांगत होत्या, "तर हे तेवढं परत ठेवायला लावायचे. सुमनचं हाय म्हणायचे, आज राहू दे."

मी ते हातात धरून बसले. सगळ्या करंज्या आठवल्या, आणि रडता रडता हसू फुटलं. भाभींनी विचारलं, "टाकू काय आता?"

मी पाकीट परत पाटीत ठेवलं. "आज राहू दे, भाभी."