इंगोले मॅडम आणि माशीचं कुळ

आमच्या विभागाचे किस्से माश्यांसारखे आहेत. एक हाकलावा, तर चार येऊन बसतात!

सत्तर-पंच्याहत्तरच्या दरम्यानची गोष्ट. हिंगोलीच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो आणि इंगोले मॅडम लेक्चरर. मूळच्या पुसेगावच्या. कॅमेऱ्याची लेन्स उलटी बसवून त्या जिवंत माश्यांचे मोठाले फोटो काढायच्या, अन् पंखांवरच्या शिरा बघून माशीचं कुळ सांगायच्या.

प्राचार्यांना ते खटकायचं. "मॅडम, बाईमाणसानं उकिरड्यावर वाकणं बरं दिसत नाही."

"मग माश्यांना केबिनमध्ये बोलवा सर. मी तिथं काढते!"

फोटो धुवायचे स्टेशनजवळच्या रशीदभाईंच्या स्टुडिओत. एकदा गोमाशीच्या तोंडाचा क्लोजअप चुकून लग्नाच्या पाकिटात गेला. नवरदेवाची आई फोटो घेऊन हजर! "भाऊ, सुनेचे डोळे काहून एवढे मोठे दिसून राहिले?"

रशीदभाई शांतपणे म्हणाले, "लेन्स का कमाल है, अम्मा!"

मग बाहेरगावचे एक परीक्षक आले. फोटोंचा गठ्ठा न बघताच बाजूला सारला. "फोटोवरून कुळ ओळखता येत नसतं. माशी मारा, टाचणी टोचा, तज्ज्ञाकडं पाठवा."

मॅडमनी एकच फोटो पुढं केला. पिवळे-काळे पट्टे, झेंडूवर बसलेली.

"ही तर मधमाशी! यात काय ओळखायचं?"

"मधमाशीला चार पंख असतात सर, माशीला दोन. मोजा."

साहेबांनी मोजले. दोनच! चष्मा पुसून पुन्हा मोजले. त्या दिवशी तोंडी परीक्षेत सगळी पोरं पास झाली.

पण खरा किस्सा हिंगोलीजवळच्या गोरेगावचा. आम्ही एका मळ्यात फोटो काढत होतो. ऊन कडक. मॅडमचं नाव मी मालकांना आल्या आल्याच सांगितलं होतं. ते कौतुकानं बघून राहिले होते. "नुसत्या फोटोवरून कुळ कळतंय? कमाल हाय बाई!" त्यांनी पाण्याचा तांब्या मागवला. मॅडमनी हात पुढं केला.

मालकांनी तांब्या तसाच धरून ठेवला. "इंगोले म्हंजी... कोणते इंगोले?"

मी खाली बघितलं. मॅडमनी नाही. त्यांनी गळ्यातला कॅमेरा काढला आणि मालकांपुढं धरला.

"घ्या. माझा फोटो काढा, अन् तुमीच ओळखा. फक्त जवळ यावं लागतंय. लांबून काही दिसत न्हाई!"