आमच्या स्टेशनात दोन मिनिटं

खाबुरा गावाजवळच्या रस्त्याच्या साइटवर, पत्र्याच्या ऑफिसच्या सावलीला उभा राहून मी दोन कानांना दोन मोबाइल लावले होते. एकात लेक, दुसऱ्यात आई. लेक कोकणातून जाणाऱ्या गाडीत, आई आमच्या स्टेशनच्या फलाटावर, आणि मी इथे ओमानात, खडी आणि डांबराच्या वासात. व्हॉट्सअॅप कॉल तेव्हा इथे लागायचेच नाहीत. कानांवरच सगळा भरवसा.

लेक इकडेच ओमानात, रुवी भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये वाढली. बारावी झाली, मंगळूरला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. विमानाने सरळ पाठवायची सोडून मी तिला मुंबईहून गाडीत बसायला लावलं, कारण वाटेत आमचं स्टेशन लागतं. मला काही रजा मिळाली नाही. तिला दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात हजर व्हायचं होतं, म्हणजे उतरणंही शक्य नव्हतं. पण आमच्याकडे रीतच आहे. माणूस गाडीने पुढे जाणार असेल तर घरचे डबा घेऊन फलाटावर येतात. खिडकीच्या गजांतून डबा आत, गालावरून हात, झाली भेट.

आईने नातीला ती लहान असताना पाहिलेलं. "पुढच्या खेपेला मी असेन काय रं?" हे तिचं दर फोनचं. म्हणून एवढा खटाटोप.

आणि ते स्टेशन तर आमच्या घरचंच. रेल्वे आली तेव्हा त्या फलाटाच्या भरावाची माती आईने घमेल्याने वाहिली आहे. लोकांची ऐतिहासिक स्थळं किल्लेबिल्ले असतील, आमचं हे.

"बाबा, खाडी! बोट्स आहेत, नारळ आहेत, सो ब्यूटिफुल!" लेक सांगत होती. मध्येच "जयभीम आजी, तब्येत कशी आहे?" याचा सराव. मग बोगदा आला की सगळं गप्प. मी आपला "हॅलो, हॅलो" करून खेकसत राहायचो, जसा काही माझ्या ओरडण्याने बोगदा संपणार होता! तिकडून फोरमन ओरडला, "यल्ला, इंजिनिअर!" म्हटलं, थांब रे बाबा, आज नाही.

"आली रं गाडी!" आई म्हणाली.

स्टेशनातल्या माणसाला फोनवर विचारून मी तिला बरोबर जागेवर उभी केली होती. लेकीचा डबा नेमका तिच्यासमोर थांबला. तरी आईचा आवाज चिरका झाला. "अरं, खिडक्या समद्या बंद! गज कुठं हाय?"

कप्पाळ माझं! पोर एकटी जाते म्हणून मी हौसेने एसीचं तिकीट काढलं होतं. आई जन्मात एसीच्या डब्याजवळ गेली नव्हती, आणि ती खिडकी उघडत नाही हे मला आठवलंच नाही.

दुसऱ्या कानात लेक किंचाळली. "बाबा, आजी इथेच आहे! पण ती मला बघतच नाही!"

"काच वाजव!"

"वाजवतेय!"

"मग दाराकडे पळ!"

दारात एक वऱ्हाड ट्रंका-पेट्यांसकट चढत होतं. बिचारी अडकली आणि परत खिडकीशी आली. मी आईला सांगतोय, हात कर, ती समोरच आहे. "समोर कुठं रं?" मीच खुळ्यासारखा इकडे हात हलवत होतो, साइटवरच्या समुद्राकडे तोंड करून. रडू यायचं बाकी होतं. शिट्टी झाली. लेकीचा फोन बोगद्यात बुडाला.

"दिसली का गं आई?" मी भीत भीत विचारलं.

"दिसली की! चांगली उंच झालीय. हात केलान तिनं मला."

"आणि डबा?"

"ऱ्हायला हातातच. घावणे होते. म्हातारपण रं, द्यायचं इसरले."

हुश्श झालं. निदान दिसली तरी, म्हणून मी फोरमनलाही हसून हात केला.

मग बोगदा संपला आणि लेकीचा फोन लागला. रडत होती. "बाबा, आजीला मी दिसलेच नाही. ती एकदम काचेजवळ आली, माझ्या फेससमोर. मी हात लावला काचेला. तिने काचेत बघून केस मागे केले, पदर नीट घेतला... आणि परत माझी वाट बघत उभी राहिली."