मोहाखालची राख

माघ सरत आला होता. सावंगीत रत्नमालेचं आणि माझं घर एकाच गल्लीत. त्या सकाळी ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी वाटीत घेऊन मी तिच्याकडे निघाले, तर फाटकाशी प्रशांत, तिचा मुलगा, उभा. ‘मावशी, आई गेली,’ एवढंच तो म्हणाला. पहाटे, झोपेतच. वाटीची ऊब अजून माझ्या तळव्याला लागत होती, आणि जिच्यासाठी ती होती, ती...

वडनेरच्या शाळेत रत्नमालेनं आयुष्यभर विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर तिच्या मैत्रिणी यात्रांना निघाल्या. हिनं पाठीवरची पिशवी घेतली आणि पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.ला नाव घातलं. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तेव्हा, प्राध्यापिकाच आल्या असं समजून सगळा वर्ग उठून उभा राहिला. ‘बसा रे पोट्टेहो, मीबी तुमच्यातलीच हाओ,’ म्हणत ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांची काकू झाली. प्रबंधासाठी तिनं विषय घेतला गौण वनोपजाचा. लाकूड ते मुख्य. फुलं, फळं, डिंक, पानं ही गौण, अशी सरकारी भाषा. त्या ‘गौण’वर ती संध्याकाळभर चिडली होती. ज्या घराचा उन्हाळाच मोहाच्या फुलांवर निघतो, त्या घरात गौण कोण, असं ती मला विचारत होती, जणू तो शब्द मीच पाडला होता.

मग संगणकावर तिनं एक जंगल उभं केलं. कारंजा (घाडगे)पलीकडच्या टेकड्यांतल्या एका गावाचे मोहवृक्ष, त्यांची वयं, रोपं, पाऊस, वेचलेली फुलं, आणि आग. तिकडे फुलं पडू लागण्याआधी झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, म्हणजे काळ्या भुईवर पिवळसर फुलं चटकन दिसतात. पण त्याच आगीत इवली रोपंही जातात. ते जंगल ती वर्षामागून वर्ष पुढे नेई, आणि प्रत्येक वेळी पडद्यावर अखेरीस म्हातारे मोह तेवढे उरत. मग तेही नाहीत. मी एकदा तिला मोहावरची माझी कविता वाचून दाखवली. डोळे मिटून ऐकली तिनं. मग म्हणाली, ‘तुह्या कवितेत मोहाचा वास येते, राख नाई येत.’

शेवंताबाई त्या गावच्या. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराकडे असलेल्या मोहाखाली यंदा जाळू नका, झाडून घ्या, हे सांगायला रत्नमाला फाल्गुनात बसनं जाई, आणि दोघी उन्हात तासन्‌तास भांडत. मीही एकदा सोबत गेले होते. पहाटे पडलेली पहिलीवहिली फुलं, त्यांचा गोड, जडसा, जरा आंबूस दरवळ, आणि त्यात चढत गेलेले दोन आवाज. पाचोळा झाडायला पाठ कोणाची मोडते, हा शेवंताबाईंचा मुद्दा होता. शेवटी त्यांनी केरसुणीच पुढे केली: ‘तुह्या कंपुटरात मी झाडीन, मॅडमबाई. इथं तू झाड.’ रत्नमालेनं पदर खोचला आणि झाडलं. मग दोघींनी एकाच डब्यातली भाकर खाल्ली. पुढच्या हंगामात शेवंताबाईंनी पुन्हा काडी लावली.

प्रबंध देण्याची वेळ आली. ‘आपणहून आग सोडणारी घरं’ असा एक रकाना तिच्या प्रतिमानात, त्या संगणकातल्या जंगलात, होता आणि त्यात होतं शून्य. काकू, एखादा लहानसा आकडा टाका, आलेख वर येईल, असं वर्गातल्या मुलांनी परोपरीनं सुचवलं. तुम्ही स्वतः झाडलंच की, असंही म्हणाले. तिनं ऐकलं नाही. ‘मी झाडलं ते माह्या हट्टापायी. झाड त्यायचं हाये.’ उतरता आलेख तसाच सादर झाला. पदवी मिळाली, पेढे वाटले गेले. पण तिला पदवीहून हवं होतं ते त्या रिकाम्या रकान्यात एखादं तरी घर. त्याचीच वाट पाहत ती गेली.

चैत्र अर्धा झाला तेव्हा शेवंताबाई सावंगीला आल्या. रत्नमालेसाठी विहारात झालेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीला त्यांना येता आलं नव्हतं. रत्नमालेच्या खोलीत, खाली फरशीवर बसून त्यांनी फडक्याची गाठ सोडली. वाळलेली मोहफुलं. मी मूठभर उचलून हुंगली. बोटांना काळं काही लागलं नाही. झाडलंत का यंदा, मी विचारलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. काऊन, प्रशांतनं कारण विचारलं, तेव्हा फडक्यावरची फुलं सारखी करत त्या म्हणाल्या,

‘जाळलं असतं, तं भांडाले कोण येणार होतं?’

प्रशांतनं संगणक सुरू केला. तो रकाना उघडला आणि माझ्याकडे पाहिलं. शून्याच्या जागी एक लिहावा म्हणून माझा जीव तुटत होता. पण एका उन्हाळ्यावर तिनं विश्वास ठेवला नसता. हे पुढेही टिकेल का, हे तिनं आधी विचारलं असतं. म्हणून मीच शेवंताबाईंना विचारलं, पुढच्या वर्षी काय?

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. माझी इस्त्रीची साडी, माझा हलका आवाज.

‘तुमाले भांडता येते काय, बाई?’

शून्य तसंच ठेवून प्रशांतनं संगणक बंद केला. येत्या फाल्गुनात मी त्या टेकड्यांकडे जाणार आहे. तोवर, रोज थोडं थोडं, आवाज चढवायला शिकते आहे.